कांडोळापाशी डावीकडे

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय मधुवंतीताई कारखानीस, व्यासपीठावर बसलेले आपले फादर नेव्हिल, महोत्सवाचे कार्यवाह हर्षद, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या सत्कारमूर्ती सिसिलियाबाय मिरांडा, त्यांना न्यायला मढहून आलेली त्यांची लेक ॲनेट आणि तिच्या सासरची मंडळी, आंबेशेत गावठाणातले सर्व ग्रामस्थ, आणि गेली चौदा वर्षं सिसिलियाबायंच्या मागून डोंगर चढताना धापा टाकलेल्या माझ्या पायी बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी लवू घाडीगावकर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला नीट पाहिलेलं नसेल. त्यात तुमचा दोष नाही, मी फेरीत सगळ्यांच्या शेवटी चालतो.

हर्षदने मला पाच मिनिटं दिली आहेत. मधुवंतीताईंनी आत्ता मान हलवली, त्याचा अर्थ मी आणखी थोडी दिली असा घेतो.

माझ्याआधी जे बोलले त्यांनी सिसिलियाबायंचं मनापासून कौतुक केलं. त्यांना प्रत्येक झाड नावानिशी माहीत आहे, पक्षी दिसायच्या आधी त्यांना ऐकू येतो, गुडघ्याला पट्टा बांधूनही त्या पुढेच असतात. सगळं खरं आहे. मी त्यात भर घालत नाही. मला दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली एक गोष्ट सांगायची आहे आणि त्या गोष्टीत माझी बाजू चांगली नाही. ती सांगायची परवानगी ज्यांच्याकडून घ्यायला हवी होती, त्यांच्याकडून मी घेतली आहे. कोणाकडून, ते पुढे येईलच.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी एकतीस वर्षं बसमध्ये तिकीट तपासनीस होतो. या नोकरीत माणसाचं काय होतं, हे तुम्हाला सांगून पटायचं नाही. बसमध्ये चढलो की मी तिकिटाकडे नंतर पाहायचो, आधी चेहऱ्याकडे. खिडकीबाहेर फारच रस घेऊन बघणारा माणूस मला लगेच कळायचा. नोकरी संपली, पण नजर काही निवृत्त झाली नाही. दूधवाला आला की मी पिशवी दोनदा बघतो, शेजारच्यांकडे पाहुणा आला की तो किती दिवस राहिला हे मला माहीत असतं. आमची रेवती मालवणची. ती म्हणते, "तुमका सगळेच चोर दिसतत." सदतीस वर्षांच्या संसारातलं तिचं हे एकच मत मी कधी खोडून काढू शकलो नाही.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मी मुलुंडला आपल्या या पदभ्रमण महोत्सवात आलो. जे आज प्रथमच आले आहेत त्यांच्यासाठी सांगतो. दर जानेवारीत चार रविवार आपण लोकांना गावठाणाच्या मागच्या डोंगरात आणि रानात फिरवून आणतो. पुढे वाटाड्या, मध्ये लोक, आणि सगळ्यांत मागे शिट्टी घेऊन एक माणूस, म्हणजे कोणी मागे राहिलं तर कळावं. माझी नोकरी ऐकून हर्षद म्हणाला, काका, मागचं काम तुमचंच. तेव्हापासून मी मागे.

मागून चालणाऱ्या माणसाला एक फायदा असतो. त्याला सगळ्यांच्या पाठी दिसतात. आणि पाठी, मंडळी, चेहऱ्यापेक्षा जास्त बोलतात.

आपली सर्वांत आवडती फेरी झऱ्याची. गावठाणातल्या क्रुसापासून निघायचं, चढण चढून कांडोळाच्या झाडापाशी यायचं. कांडोळ म्हणजे ते पांढऱ्या खोडाचं झाड, लांबून पाहिलं तर कोणी अंगाला चुना फासून उभं राहिल्यासारखं दिसतं. तिथे दोन वाटा फुटतात. उजवीकडची सोपी, मिरांडांच्या जुन्या शेतावरून झऱ्याकडे जाते. डावीकडची धारेवरून जाते, चांगली पाऊण तास लांब, आणि घसरडी. हर्षदने छापलेल्या नकाशात वाट उजवीकडे दाखवली आहे.

त्या वर्षी पहिल्या रविवारी सिसिलियाबाय कांडोळापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, उजवीकडे गांधीलमाश्यांचं पोळं आहे, आज डावीकडून जाऊ. गेलो. दुसऱ्या रविवारी म्हणाल्या, शेताकडे बिबट्या दिसलाय, डावीकडून जाऊ. गेलो. तिसऱ्या रविवारी म्हणाल्या, शेताचा बांध फुटलाय, डावीकडून जाऊ.

जानेवारीत बांध कशानं फुटतो?

खरं सांगणारा माणूस तीनदा विचारलं तरी एकच कारण सांगतो. तीन वेळा तीन कारणं ऐकली की मी बस थांबवून माणसाला खाली उतरवत असे. सिसिलियाबायंची पाठ मी दुसऱ्या रविवारपासूनच बघायला लागलो होतो.

आणि मग एकेक दिसायला लागलं. फेरी रविवारी असायची, पण त्या बुधवारी आणि शुक्रवारीही डोंगरावर एकट्या जायच्या. जाताना पाठीवरची पिशवी जड, येताना रिकामी. एकदा मी वाटेत भेटलो आणि पिशवी धरायला हात पुढे केला, तर त्यांनी ती दुसऱ्या खांद्यावर घेतली. पिशवीचं तोंड नीट बांधलेलं नव्हतं. आत तांदूळ होते, औषधाची पाकिटं होती आणि बायकांच्या चपलांचा एक नवा जोड होता. तो जोड सिसिलियाबायंच्या पायाच्या मानाने दोन नंबर तरी लहान होता. फोनवर बोलत असल्या आणि मी जवळ गेलो की त्या एकदम ख्रिसमसच्या केकबद्दल बोलायला लागायच्या. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात.

त्यातच एका दुपारी त्यांच्या दारात पांढरी गाडी उभी राहिली. दोन धिप्पाड माणसं उतरली, घराभोवती फिरली, डोंगराकडे हात करून काहीतरी बोलली आणि चहा पिऊन गेली. आता आमच्या भागात पांढऱ्या गाडीतून उतरून डोंगराकडे हात करणारी माणसं म्हणजे काय, हे सांगायला नको. माझा हिशोब जुळला. बाई शेत बिल्डरला देतेय, वर कोणालातरी राखणीला बसवलंय आणि समितीला मूर्ख बनवतेय. ती दोन माणसं ॲनेटचे दीर होते, मम्मींची तब्येत बघायला आले होते, हे मला नंतर कळलं. ते दोघेही आज दुसऱ्या रांगेत बसले आहेत. मंडळी, तुमची वेगळी माफी मागतो.

मी सिसिलियाबायंना सरळ विचारायला हवं होतं. चार वर्षं ज्यांच्या मागून चाललो त्यांना एक प्रश्न विचारायला काय हरकत होती? पण संशयी माणूस प्रश्न विचारत नाही. त्याला उत्तर नको असतं, पुरावा हवा असतो.

तिसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी मी एकटा वर गेलो. कांडोळापाशी उजवीकडे वळलो. पोळं नव्हतं, फुटलेला बांध नव्हता. मिरांडांच्या शेतात वालाच्या वेली होत्या, वांगी होती, ताजं पाणी घातलेलं होतं. कौलारू खोपटाच्या बाहेर दोरीवर निळं लुगडं वाळत होतं. चुलीतून धूर येत होता. एक बाई दाराशी बसून पालेभाजी निवडत होती. पन्नाशीची, बारीक. माझ्या पायाखाली फांदी मोडली तशी तिनं मान वर केली. तिनं मला पाहिलं, हातातली भाजी तशीच टाकली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला, त्यानंतर काहीतरी जड वस्तू दाराला ओढून लावल्याचा.

मंडळी, मी कोणी चांगला माणूस असतो तर तो दुसरा आवाज ऐकून थांबलो असतो. दाराला कडी असताना वर जड वस्तू कोण लावतं? पण तोपर्यंत माझा फोटो काढून झाला होता. तिनं मान वर केली त्याच क्षणी मी बटण दाबलं होतं. चेहरा स्वच्छ आला होता. मी खूश झालो होतो, हेही सांगून टाकतो.

खाली उतरून दुपारी बाराच्या सुमारास मी तो फोटो आपल्या महोत्सवाच्या ग्रुपवर टाकला. बेचाळीस माणसांचा ग्रुप. खाली लिहिलं, "मिरांडांच्या शेतावर हे कोण राहतं? समितीला कल्पना आहे का?" आणि जेवून झोपलो.

संध्याकाळी सातला दारावर थाप पडली. सिसिलियाबाय होत्या. त्यांना आमचे तीन जिने चढून आलेलं मी प्रथमच पाहत होतो. आत या म्हटलं तरी आत आल्या नाहीत. त्यांनी त्यांचा फोन माझ्यापुढे धरला. त्यावर माझा फोटो होता.

मी म्हटलं, हो, मीच टाकलाय ग्रुपवर.

त्या म्हणाल्या, "हा ग्रुपवरचा नाही. हा मला मढहून आला. ॲनेटला तिच्या शेजारणीनं दाखवला. खाली लिहिलंय, मुलुंडच्या डोंगरावर अतिक्रमण."

सात तासांत तो फोटो खाडी ओलांडून मढला जाऊन परत मुलुंडला आला होता.

"काढून टाक," त्या म्हणाल्या. तोवर त्या मला तुम्ही म्हणायच्या. त्या संध्याकाळपासून तू म्हणतात. मी अजूनही तुम्हीच म्हणतो, 'तू'वर यायची हिंमत होत नाही.

मी काढून टाकला. त्यांनीही पाहिलं, मीही पाहिलं, आणि त्याचा काही उपयोग नाही हे दोघांनाही कळत होतं. रेवतीनं खुर्ची दारात आणून ठेवली तेव्हा कुठे त्या बसल्या आणि बोलल्या.

त्या बाईंचं नाव वनमाला. घाटकोपरच्या एका चाळीत त्यांची खोली. नवरा गेला, खोली त्यांच्या नावावर झाली, आणि चाळीच्या जागी टॉवर व्हायचं ठरलं. दीर प्रीतम, त्याला ती खोली स्वतःच्या नावावर हवी होती. आधी गोड बोलून, मग धमकावून, मग हात उचलून. एकदा दोन दिवस कोंडून ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी कागद आणि पेन आत सरकवलं. त्या चौकीत गेल्या, तर घरचं भांडण घरात मिटवा, असं ऐकून परत आल्या. परत आल्यावर काय झालं असेल ते मी इथे सांगत नाही. सिसिलियाबायंची आणि त्यांची ओळख साध्या कामातली. वनमालाबाई साड्यांना फॉल लावायच्या आणि सिसिलियाबाय गावठाणातल्या बायकांच्या साड्या त्यांच्याकडे नेऊन द्यायच्या. एके दिवशी साड्या आणायला गेल्या त्या वनमालाबाईंना बरोबर घेऊन आल्या. तेव्हापासून दहा महिने त्या डोंगरावर होत्या.

मी विचारलं, तुम्ही समितीला का नाही सांगितलं? आपली माणसं आहेत, चांगली माणसं आहेत.

सिसिलियाबाय म्हणाल्या, "म्हणूनच. चांगल्या माणसांच्या पोटात काही राहत नाही."

मी म्हटलं, आपण त्यांना दुसरीकडे हलवू, चौथ्या रविवारची फेरी रद्द करू. त्या म्हणाल्या, मी तिला विचारून आलेय. ती म्हणते, किती वेळा जाऊ, आणि कुठे कुठे जाऊ? आणि फेरी रद्द केली तर बेचाळीस जण बेचाळीस कारणं विचारतील. एवढं बोलून त्या कठड्याला धरून जिना उतरल्या. मी मागून गेलो नाही. रेवती गेली.

ते सहा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. गावठाणात कोणी नवा माणूस दिसला की मी त्याच्या मागे. मीटर बघायला आलेल्या माणसाचं ओळखपत्र मी दोनदा बघितलं. पण त्याहून वाईट म्हणजे मी आपल्याच माणसांकडे बघायला लागलो. बेचाळीस जणांपैकी फोटो बाहेर कोणी पाठवला? त्याखाली ते "अतिक्रमण" कोणी लिहिलं? हर्षद, तू त्या आठवड्यात मला दोनदा चहाला बोलावलंस आणि मी आलो नाही. तुला वाटलं मला बरं नाही. खरं कारण आज सांगतो. मला तुझा संशय होता.

चौथा रविवार उजाडला. चौतीस माणसं आली. मी नेहमीसारखा मागे. आणि क्रुसापाशीच माझी नजर एका माणसावर अडकली. डोंगर चढायला आला होता आणि पायांत चामड्याच्या चपला. पाण्याची बाटली नाही. सावरीला लालभडक फुलं आली होती, लोक माना मोडून बघत होते, फोटो काढत होते. हा मात्र घरं बघत होता. माझ्याशेजारी येऊन विचारलं, वर अजून वस्ती आहे का?

मनात आलं, लवू, सोमवारी तू एकदा चुकला आहेस. आज पुन्हा चुकू नकोस. कदाचित बिचाऱ्याकडे बूट नसतील.

म्हणून या वेळी मी विचारलं. कुठून आलात? म्हणाला, ठाण्याहून. म्हटलं, अरे वा, इतक्या सकाळी बस मिळाली? तर त्यानं बसचा नंबर सांगितला. आता बाकी मला काही येवो न येवो, कुठली बस कुठून सुटते हे झोपेतून उठवून विचारलंत तरी मी सांगेन. ती बस ठाण्याच्या वाटेला जन्मात गेलेली नाही. ती सुटते घाटकोपरहून.

मी त्याला म्हटलं, हळूहळू या, मी जरा पुढे जाऊन येतो. आणि चार वर्षांत पहिल्यांदा मी शेपटाकडून डोक्याकडे गेलो. चौतीस माणसांना ओलांडत, सॉरी सॉरी करत. सिसिलियाबाय कांडोळाच्या थोड्या अलीकडे होत्या. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "बाय, घाटकोपर आलंय मागे."

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. काठी या हातातून त्या हातात घेतली. मला वाटलं आता डावीकडे वळतील आणि आम्ही त्याला धारेवरून फिरवून खाली नेऊ. तेवढंच सुचत होतं मला. त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. नेहमी झाडाबद्दल बोलतात त्याच आवाजात म्हणाल्या, "आज आपण उजवीकडे जाऊ. तिथे माझी एक मैत्रीण राहते. तिला पाहुणे आवडत नाहीत. पण आज तिला पाहुण्यांची गरज आहे."

कोणाला काही कळलं नाही. पण सिसिलियाबायंनी म्हटलं की लोक चालतात, ही तुम्हा सर्वांची सवय. सगळे चालले.

वनमालाबाई अंगणात वाल सोलत होत्या. एवढी माणसं बघून त्या उठल्या आणि दाराकडे वळल्या. सिसिलियाबाय त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, हात धरला नाही की काही नाही, नुसत्या उभ्या. मग त्या माणसांमधून तो पुढे आला. वनमालाबाईंच्या हातातलं सूप कलंडलं आणि दाणे सगळ्या अंगणभर झाले.

तो अगदी हसून म्हणाला, वहिनी, घरी सगळे काळजीत आहेत, चला.

    वनमालाबाईंनी पदर खांद्यावर नीट घेतला आणि बोलल्या.

"भावोजी, कागद आणलाय ना? मग वाचा. मोठ्यानं वाचा. एवढी माणसं आलीत."

तो म्हणाला, ही घरातली गोष्ट आहे, बाहेरच्यांसमोर कशाला?

"घरात मला ऐकू येत नव्हतं," त्या म्हणाल्या, "तुम्ही दार लावून घ्यायचात. इथे वाचा."

त्या दिवशी फुलपाखरं बघायला श्रुतिका नावाची एक मुलगी आली होती. ती आजही आली आहे, तिथे खांबापाशी. नुकती वकील झालेली. ती पुढे झाली आणि त्याच्यापुढे हात केला. म्हणाली, द्या, मी वाचते, माझं कामच आहे ते. त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला होता, तो तिथेच थांबला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. चौतीस माणसं वाटेवर उभी होती. कोणी शिवी दिली नाही, कोणी अंगावर गेलं नाही. पण कोणी हललंही नाही. त्याला एकेकाला, जरा सरका, जरा सरका, म्हणत वाट मागावी लागली.

त्या दिवशी फेरी अर्धी टाकून मी खाली उतरलो. त्याच्या मागे, दहा पावलांवर. तो बसमध्ये चढला, बस सुटली, वळणावर दिसेनाशी झाली, तरी मी स्टॉपवर उभा होतो.

पुढचं थोडक्यात. दुसऱ्या दिवशी श्रुतिका, सिसिलियाबाय आणि फेरीतल्या आणखी पाच बायका वनमालाबाईंना घेऊन चौकीत गेल्या. या वेळी तक्रार लिहून घेतली. खोलीचा वाद कोर्टात आहे, तारखा पडताहेत, तो सुटला असं मी म्हणणार नाही. पण सही झालेली नाही. तो माणूस पुन्हा डोंगरावर आलेला नाही. आणि वनमालाबाई डोंगर सोडून गेल्या नाहीत. शनिवारी क्रुसापाशी भाजी घेऊन बसतात, आणि दोन वर्षं सिसिलियाबायंच्या मागोमाग चालत झाडं शिकताहेत. आता सिसिलियाबाय लेकीकडे मढला चालल्या, डोंगर सोडून समुद्राकडे. येत्या जानेवारीत झऱ्याच्या फेरीला पुढे चालतील त्या वनमालाबाई. मी हे सांगू का, असं त्यांना विचारलं तेव्हा म्हणाल्या, सांगा, मी लपलेय असं आता कोणाला वाटायला नको.

एक गोष्ट राहिली. फोटो कोणी बाहेर पाठवला?

मला आजही माहीत नाही. त्यानंतर वर्षभर मी प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मीटिंगमध्ये कोण माझी नजर चुकवतो, कोण त्या विषयावर फार बोलतो, सगळं पाहिलं. तुमच्यातल्या काही जणांनी माझ्याशी बोलणं कमी केलं, त्याचं कारण हे. समितीत माणसं एकमेकांकडे बघायला लागली होती. शेवटी एकदा मी सिसिलियाबायंना म्हटलं, मी शोधून काढणारच. त्या पायरीवर बसून बुटांतली माती झटकत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लवू, फोटो काढणारा सापडलाय ना? मग पुरे."

त्या दिवशी मी शोध थांबवला. संशय गेला असं खोटं सांगत नाही. आत्ता या माईकसमोर उभा असतानाही माझे डोळे शेवटच्या रांगेत फिरून आलेत. पण आता मी आधी विचारतो. उशिरा शिकलो, एवढंच.

सिसिलियाबाय, तुमच्या मागून चालताना मी जे पाहिलं ते मला शब्दांत नीट मांडता आलं नाही, तरी मांडू दिल्याबद्दल तुमचे आभार. मधुवंतीताई, फादर, आपण वेळ दिलात, आभारी आहे. हर्षद, पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली, तू घड्याळ दाखवलं नाहीस, तुझे विशेष आभार. तो राहिलेला चहा उद्या घेऊ.

बोलताना काही कमी-जास्त गेलं असेल तर सभेने पोटात घालावं, असं म्हणून वक्त्यानं उतरायचं असतं. तेही म्हणतो. पण मला जी माफी मागायची आहे ती सभेकडे मागून भागणार नाही. त्या रविवारनंतर मी सिसिलियाबायंना विचारलं होतं, माफ केलंत ना? त्या म्हणाल्या, "मला काय विचारतोस? फोटो माझा नव्हता." खरं होतं. तेव्हापासून दोन वर्षं दर शनिवारी मी वनमालाबाईंना रामराम करतो, भाजी घेतो, उन्हाबद्दल बोलतो आणि तेवढं एक वाक्य न बोलता घरी येतो.

वनमालाबाई, तुम्ही तिसऱ्या रांगेत आहात. मी तुम्हाला न विचारता तुमचा फोटो काढला, लोकांना दाखवला आणि ज्याच्यापासून तुम्ही लपला होता त्याला तुमचं दार दाखवलं. नंतर जे बरं झालं ते तुमच्या आणि सिसिलियाबायंच्या धीरानं झालं, त्याचं श्रेय मला नको. मला माफ करा. उत्तर आत्ता देऊ नका. एवढी माणसं बघताहेत म्हणून तर मुळीच देऊ नका. द्यायचं नसेल तरी चालेल.

मी खाली येऊन बसतो. नमस्कार.